चारशे मेंढ्यांसाठी

सप्टेंबर. आइसलंडच्या उत्तरेला, आकुरेरीत,
खिडकीखाली फ्योर्डचं शिशासारखं पाणी
आणि स्टेनव्होरच्या पडद्यावर
सकाळपासून गरगरणारं एकच चक्र.

कोड केटिलचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा.
लूपच्या पोटात लूप:
प्रत्येक मेंढीच्या कानाची खूण
बाकी साऱ्या कानांशी ताडून पाहायची,
एकच खूण दोघींना तर नाही ना गेली.
वरती एक टीप, विरामचिन्हं नसलेली:
चारशे मेंढ्यांसाठी वाढल्या तर मला फोन करा

चारशेचा वर्ग एक लाख साठ हजार.
सेकंदाला दहा लाख तुलना करणाऱ्या यंत्राला
पापणी लवायचाही वेळ नाही लागत.
एका दरीचं खातं होतं ते,
दरीपुरतं शहाणं.
आता साऱ्या देशाची चार लाख मेंढरं त्यात घातली.
हजारपट मेंढ्या, दहा लाखपट काम,
एकशे साठ अब्ज. जवळजवळ दोन दिवस.

मराठीत या दोनाच्या आकड्याला घात म्हणतात.
ज्याने हा शब्द दिला
त्याला कधीतरी रात्री सर्व्हर सांभाळावा लागला असणार.

लॉगची चाल वेगळी.
खुणा क्रमाने लावल्या असतील तर ती मधोमध उभी राहते
आणि विचारते, अलीकडे की पलीकडे?
चारशेंत नऊ प्रश्न.
चार लाखांत एकोणीस.
हजारपट कळप, आणि वाढले फक्त दहा प्रश्न.
साऱ्यांचं मिळून शहात्तर लाख, आठ सेकंद.
क्रम लावायला साधारण तेवढेच आणखी.

(ती सपाट होते असं समजू नका.
छत नाही तिला. दमलेल्या माणसासारखी
पावलं आखडत जाते, थांबत मात्र नाही.
आणि बहुपदीचा राहू द्या,
n च्या दहाव्या मुळाचा मरतुकडा आलेखसुद्धा
शेवटी तिला मागे टाकतोच.
फक्त ते कुठे? पाच परार्धांच्या आसपास.
तेवढी मेंढरं कुठल्या डोंगरावर चरणार?
म्हणून "शेवटी" हा शब्द गणितात खरा असतो,
कामावर त्याची किंमत विचारून घ्यावी.)

स्टेनव्होरने फोन केला.
पलीकडे वारा, कुत्रं, आणि शेकडो मेंढ्यांचं बें बें.
केटिल वाटणीच्या कुंपणात होता.
मधे गोल, भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे कप्पे,
कप्प्यागणिक एका घराचं दार.

"एका मेंढीसाठी तुम्ही सगळी दारं हिंडता?" तिने विचारलं.
"वेडी का तू? कान चाचपायचा.
खूण पुढची असेल तर अर्ध्या दारांकडे पाठ.
उरलेल्यांतली अर्धी पुन्हा सोडायची."
"मग कोडमध्ये असं का नाही लिहिलंत?"

वारा थोडा वेळ बोलत राहिला.
"यंत्र दमत नाही असं ऐकलं होतं," केटिल म्हणाला.

तिने लूप काढला. सगळा नाही.
बत्तीसहून कमी मेंढ्या असतील तिथे तोच ठेवला;
इवल्या कळपाला क्रम लावत बसण्यापेक्षा
सगळ्यांना सगळ्यांशी भेटवणंच स्वस्त पडतं,
तिने मोजून पाहिलं होतं.
जुन्या टीपेखाली आपली टीप लिहिली:
चार लाखांसाठी. दुप्पट झाल्या तर दर मेंढीमागे एक प्रश्न वाढेल.
केटिलचा फोन नंबर तसाच राहू दिला.

"झालं का तुमचं?" ठेवता ठेवता तिने विचारलं.
"एक कमी आहे. काळ्या तोंडाची.
वरती धुकं उतरलंय."

डोंगर क्रमाने लावलेला नसतो.
तिथे अर्धा टाकून देता येत नाही.
केटिलने काठी घेतली असावी,
फोन खिशात चालूच राहिला होता:
दगड, पाऊल, दगड, हाक,
पाऊल.